चार सेकंदांचा गळा

कानाच्या दवाखान्यात मी खोटं बटण दाबलं आणि पकडली गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. काचेची एवढीशी खोली, तिच्यात कपाटात कोंबल्यासारखं बसवतात, कानांवर जाडजूड हेडफोन चढवतात आणि हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं. पहिले पाच-सहा आवाज आले, मी दाबलं. मग बराच वेळ काही येईना. आता काचेपलीकडून ती तपासणारी पोरगी टक लावून बघतेय आणि आपण दगडासारखं बसून राहायचं, हे काही मला जमण्यातलं नाही. मी अंदाजानं दाबायला लागले. एकदा दाबलं, थांबले, दोनदा दाबलं, कान टवकारल्यासारखी मान केली, पुन्हा दाबलं. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. बाहेर आल्यावर ती पोरगी कागद बघत अगदी मायेनं म्हणाली, "आजी, शेवटची दोन मिनिटं मी काही वाजवलंच नव्हतं." मी हसले, तीही हसली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी थाप मारताना पकडलं गेलं तर कुणी रागावत नाही, उलट गालगुच्चा घेतात. हे मला फार वर्षांपासून माहीत आहे आणि त्याचा मी पोटभर फायदा घेतलेला आहे.

बाहेर बाकावर वन्सं बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद म्हटल्यावर मान मोठा, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला 'अगं वहिनी' म्हणतात; साठ वर्षं होत आली, असंच चाललंय. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. आता गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यावर पातळ रुमाल, आणि बोलायचं झालं की दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र हनुवटीखाली टेकवून बटण दाबतात. ओठ त्यांचे हलतात, आवाज यंत्राचा निघतो. नुसती घरघर, एकाच पट्टीत, ना चढ ना उतार. 'पाणी दे' आणि 'घराला आग लागली' दोन्ही एकसारखंच ऐकू येतं. म्हणून त्या फारशा बोलत नाहीत. मला ती बटणाची गंमत त्यांना सांगायची होती, जरा तिखटमीठ लावूनच सांगणार होते, की ती पोरगी घाबरून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला धावली वगैरे, तेवढ्यात टेबलावर नावं लिहून घेणाऱ्या बाईचा फोन वाजला. आणि फोनमधून वन्सं गुणगुणल्या.

चार सेकंद. ओठ मिटून, नाकातून, खालून वर चढत जाणारी एक ओढ, आणि शेवटी कट् असा बारीक आवाज. मग पुन्हा तेच, मग पुन्हा, आणि खालून शिवणाच्या मशिनीची खडखड येऊन त्याला उचलून घेते. वन्संनी मान वर केली. आपल्याला कुणी हाक मारली की माणूस करतो ना, तशी. मग त्यांनी फोनकडे बघितलं, त्या बाईकडे बघितलं, भिंतीवर कानाच्या आतलं चित्र लावलं होतं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही. दहा वर्षं तो तुकडा घरात, टीव्हीवर, दुकानांत वाजतोय. पण घरात वाजणार हे आधी माहीत असतं, माणूस तयारीत असतो. इथं त्या बेसावध सापडल्या. टेबलवाल्या बाईला वाटलं आम्हाला रिंगटोनचा त्रास झाला. ती म्हणाली, सॉरी हं, फार आवडतं मला हे, 'आजीचा गळा' म्हणून आहे. आणि माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, देवाशपथ सांगते, ते आपलं आपणच उघडलं, नळाचा वायसर गेला की नळ गळतो तसं. "माझाच आहे तो," मी म्हटलं. झालं. बाई ताडकन उठली, टेबलाला वळसा घालून आली, माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणीबिणी. एक फोटो काढू या म्हणाली. आणि इकडे-तिकडे बघून, दुसरं कुणीच नव्हतं म्हणून, फोन वन्संच्या हातात दिला. वन्संनी यंत्र मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी फोन धरला, आम्हाला जरा डावीकडे सरका अशी खूण केली आणि आमचा फोटो काढला. चांगला आला. मी त्यात हसतेय.

टॅक्सीत बसल्यावर मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. चपलांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, आणखी एक चपलांचं दुकान. एरवी मी टॅक्सीवाल्यालाही सोडत नाही; एकाला सांगितलं होतं की माझा नवरा टॅक्सीच्या शर्यतीत पहिला आला होता, उलट्या गिअरमध्ये. त्या दिवशी मी दुकानंच मोजत राहिले. अंगात काहीतरी झोंबत होतं, उन्हात जाऊन आल्यावर मानेला झोंबतं तसं, आणि मला वाटत होतं की हे शेजारी बसलेल्या बाईला दिसत असणार. पूर्वी वन्सं अशा वेळी गुणगुणायच्या. त्यांना शांतता सहन व्हायची नाही. कारखान्यातही नाही, आणि तिथं तर शांतता नव्हतीच.

आम्ही दोघी शर्टांच्या कारखान्यात होतो. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन रांगा, साठ मशिनी. मी काजांच्या मशिनीवर, वन्सं कॉलरवर. कॉलरवाल्या बायका टाचण्या ओठांत धरायच्या, एका वेळी सहा-सात, आणि एकेक काढून कापडाला टोचायच्या. त्यामुळे त्या टेबलावर कुणाला बोलता यायचं नाही. वन्संना गप्प बसवत नाही आणि तोंड उघडता येत नाही, मग त्या नाकातून सुरू व्हायच्या. शब्द नाहीत, चाल कुठली ओळखीची नाही. मशिनीची खडखड जशी चालेल तशा तिच्यावर तरंगायच्या, मशीन थांबली की मध्येच सोडून द्यायच्या, आणि सोडताना ओठ सैल झाले की टाचणी दाताला लागायची, कट्. आम्हाला सवय झाली होती. एक दिवस कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकानं एक माहितीपट काढायला लोक बोलावले. त्यातला एक बारकेला माणूस खांद्याला पेटी अडकवून, हातात काठीला बांधलेला माइक घेऊन दिवसभर मशिनींच्या तोंडाशी उभा होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं हौसेनं सगळ्यांना ऐकवलं. मशिनींची खडखड, आणि तिच्यातून हा गळा. तो म्हणाला, हे कोण गातंय? माझे सासरे तिथंच कापडाच्या कोठाराचे कारकून होते, ते डबा अर्धा ठेवून उठले. वन्संचं लग्न तेव्हा ठरत आलेलं. आधीचं एक स्थळ 'मुलगी गाते' एवढ्यावरून मोडलेलं, आणि ह्या स्थळानं तर स्पष्ट विचारून घेतलं होतं. सासऱ्यांनी नाही म्हणून शब्द दिला होता. मी वन्संकडे बघितलं. जेवायला बसल्या होत्या तरी दोन टाचण्या तोंडातच राहिल्या होत्या आणि चेहरा त्यांच्या कापडासारखा पांढरा झाला होता. मी म्हटलं, मी गात होते.

माझ्या आयुष्यातली ती पहिली मोठी थाप, आणि ती मी स्वतःसाठी मारलेली नव्हती. सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, सासूबाईंनी त्याहून वाईट केलं, त्या बोलत राहिल्या. लग्नं मोडायला निघालेली सून म्हणून मला ऐकवायच्या, आणि मी ऐकून घ्यायची. कोठारात गठ्ठ्यांच्या मागं वन्संनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, वहिनी, कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, मेले तरी नाही. त्या माणसानं पुढं एक कॅसेट पाठवली, तिच्यावर माझं नाव. ती मी ट्रंकेत टाकली. वन्संचं लग्न झालं. म्हणजे तेव्हा मी नुसतं झाकण होते. झाकण होऊन बसणं वाईट नसतं, बाई. पण वन्संचा नवरा अकराव्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं, त्या माघारी आमच्याकडे आल्या. तोवर सासरे गेलेले, सासूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झालेली. लपवायचं कुणापासून, कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा मी ती कॅसेट काढून सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, की ऐका, ह्या वन्सं आहेत. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते मी बरेचदा शोधलंय. चावी शोधताना आपण त्याच त्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालतो, तसं. एवढंच हाताला लागतं, की तोवर थाप माझ्या पायाला बसलेली होती, चपलेसारखी, आणि काढली असती तर मला टोचलं असतं.

माझी नात बारा वर्षांची असताना तिला ती कॅसेट सापडली. नातीला सगळे भुंगा म्हणतात, कारण पाळण्यात असल्यापासून ती घूं घूं करायची. आता पोस्टरांवरही तेच नाव असतं. त्या पोरीला खेळणी नको असायची, आवाज हवे असायचे. लिफ्टचं दार, कपडे धुवायच्या मशिनीचा शेवटचा थरथराट, तिच्या आईनं रागानं ठेवलेला डबा, सगळं ती टेपवर धरायची आणि मग ते कापून, उलटं करून, एकामागं एक लावून दिवसभर ऐकायची. सून म्हणायची ही वेडी होणार. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला होता, त्यामुळे कॅसेट लावली की गळा ओढल्यासारखा, जाड, खोल ऐकू यायचा. भुंगानं विचारलं, आजी, हे कोण? वन्सं तिथंच मटार सोलत होत्या. मी म्हटलं, अगं मीच. आणि मग मी सुरू झाले. माझं असं आहे की मला अर्धी गोष्ट सांगता येत नाही. साठ मशिनींच्या शंभर केल्या. मी गायला लागले तशा एकेक करून सगळ्या मशिनी थांबल्या, मालक जिन्यात उभा राहून रडला, त्या माइकवाल्यानं माझ्या पायाला हात लावला. एवढ्यावर भागलं असतं. पण गोष्टीला एक ऐकणारं माणूस लागतं, नाहीतर ती पांगळी पडते. मी म्हटलं, आणि ही तुझी आत्याआजी, ही इस्त्रीवर होती, माझं ऐकता ऐकता हिनं मालकाची कॉलर जाळली. भुंगा पोट धरून हसली. वन्संही हसल्या. शेंगेतून दाणे काढत काढत हसल्या, आणि नंतर दर वेळी ती जळलेली कॉलर आली की हसत राहिल्या, वीस वर्षं. त्यांच्याच गळ्याच्या गोष्टीत मी त्यांना इस्त्रीवर उभं केलं होतं.

पुढं भुंगा कॉम्प्युटरचं शिकली, एका बँकेत लागली, दोन वर्षांत सोडून आली. टायरच्या दुकानावर एक खोली होती, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, तिथं रॅप करणारी पोरं जमायची आणि ही त्यांना ठेके करून द्यायची. मी एकदा डबा घेऊन गेले होते. एक पोरगा, त्याला सगळे पत्रा म्हणायचे, भिंतीकडे तोंड करून इतक्या वेगानं बोलत होता की मला वाटलं ह्याला कुणीतरी आवरा. पत्र्याचं गाणं गाजलं. ठेका हिचा होता, पण हिचं नाव कुठंच नव्हतं. तेव्हा भुंगा आठ दिवस खोलीबाहेर आली नाही. मी दाराबाहेर बसून तिला म्हटलं, दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव लावणाऱ्याचं कधी भलं होत नाही. हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं. वन्सं आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, आणि घड्या घालण्याचा आवाज थांबला. ते थांबणं मला आजही ऐकू येतं, आणि दवाखान्यातल्या पोरीचा कागद काहीही म्हणो, ते मला अगदी स्वच्छ ऐकू येतं.

त्यानंतर भुंगानं पोरांसाठी ठेके करणं बंद केलं आणि ती कॅसेट काढली. त्यातले चार सेकंद घेतले. ते तिनं इतके ताणले, इतके बारीक चिरले, की अकरा मिनिटांत त्याचं एक अख्खं गाव उभं केलं. कुठं तो गळा पाण्याखालून येतो, कुठं हजार बायका एकदम गुणगुणतात, कुठं नुसतं ते कट् उरतं आणि छातीत धडधडतं. मला ह्यातलं फार कळत नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लुगड्याच्या पदरात तोंड घातलं होतं. लोकांना वाटलं आजी भारावली. 'आजीचा गळा' नाव ठेवलं तिनं. आधी चाळीस माणसांनी ऐकलं, मग कुठल्या तरी परक्या देशातल्या रेडिओवर लागलं, मग सगळीकडे. मुलाखतीला लोक घरी यायला लागले आणि माझ्यासमोर माइक धरायला लागले. म्हाताऱ्या माणसासमोर माइक धरणं म्हणजे मांजरासमोर दूध. शंभर मशिनींच्या तीनशे झाल्या. माइकवाल्यानं मला लग्नाची मागणी घातली. भुंगाचं दुसरं काम आलं, तिसरं आलं, ते पडलं. ज्यांनी लिहिलं त्यांनी लिहिलं की पहिल्यात आजी होती, ह्यात नाही. तिला सगळं येतं हो, पण लोकांना तिच्यातली मीच हवी असते. आणि ज्या वर्षी वन्संचा आवाज काढून टाकला त्या वर्षी ती त्यांच्या यंत्राच्या प्रेमात पडली. म्हणाली, आत्याआजी, हा आवाज मला दे ना, मी ह्याचं सोनं करीन. वन्संनी यंत्र हनुवटीला लावलं आणि एकच शब्द म्हणाल्या. पुरे. भुंगाला वाटलं बोलून दमल्या. मला त्याचा अर्थ कळला आणि मी उठून गॅसवर काही ठेवलं नव्हतं तरी बघायला गेले.

तर टॅक्सीतून उतरताना मी ठरवलं. दहा वर्षं झाली म्हणून 'आजीचा गळा'ची तबकडी नव्यानं निघणार होती, जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात, वर माझा फोटो. त्याच दिवशी पाच वाजता छापायला जाणार होती. वन्संना खाली आमच्या खोलीत बसवलं आणि मी लिफ्टनं वर गेले. भुंगाची कामाची खोली गच्चीला लागून आहे. भिंतींना काळा स्पंज, कपाटाएवढे दोन स्पीकर, जमिनीवर इतक्या वायरी की मी गुडघे उचलून उचलून चालते. भुंगा अनवाणी बसली होती, पडद्यावर माझा फोटो मोठा करून माझ्या मिशा पुसत होती. मी म्हटलं, थांब, पुसू नकोस, माझं ऐक. आणि मी सांगितलं. सगळं. साठ मशिनी, कॉलर, टाचण्या, सासऱ्यांचा अर्धा डबा. सांगताना एकदा मोह झाला, की सासऱ्यांनी डबा फेकून मारला म्हणावं. नाही म्हटलं.

भुंगा इतकी हसली की खुर्ची मागं सरकली. म्हणाली, ही नवीन आहे आजी, ही सगळ्यांत भारी आहे, ही उद्याच्या मुलाखतीत सांगू. मी म्हटलं, अगं खरं आहे. ती म्हणाली, हो ना, आणि लिफ्टखाली घोडा आहे. लहानपणी मी तिला सांगितलं होतं की आपली लिफ्ट खाली बांधलेला एक घोडा ओढतो. "सात वर्षांची होईपर्यंत मी लिफ्टमध्ये गाजर ठेवायचे आजी," ती म्हणाली, "आणि तू ते काढून खायचीस." खातच होते. काय सांगणार? ज्या हातानं आयुष्यभर खोटी नाणी वाटली, त्याच हातात एक खरं घेऊन मी उभी होते, आणि पोरगी ते दातानं चावूनही बघायला तयार नव्हती. रडू येईल असं वाटलं, पण रडले असते तर तिला तीही कलाच वाटली असती.

मग मी म्हटलं, तो शेवटचा कट् लाव. तिनं गमतीत लावला. मी म्हटलं, ही टाचणी आहे, दाताला लागलेली. मी काजांवर होते, काजांवर टाचण्या लागत नाहीत. भुंगाचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, फक्त मागून कुणी दिवा काढून न्यावा तसं झालं. त्या कट् नंच तर तिनं सगळा ठेका बांधला होता. झांजेच्या जागी, अकरा मिनिटं, हजारो वेळा. तिला तो टेपमधला दोष वाटला होता. तिनं तो एकटा काढून लावला. पुन्हा लावला. आवाज वाढवला. त्या काळ्या खोलीत ती टाचणी केवढी मोठी झाली होती. भुंगा माझ्याकडे न बघता म्हणाली, तू कॉलरवर कधीच नव्हतीस? मी म्हटलं, कधीच नाही. तिनं घड्याळाकडे बघितलं, साडेतीन झाले होते, आणि तशीच अनवाणी उठून जिन्यानं खाली निघाली. मला जिना जमत नाही, मी लिफ्टची वाट बघत उभी राहिले. एवढ्या वेळात जर वन्संनी सांगून टाकलं तर बरं होईल असं मला वाटत होतं. मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असावं.

पण भुंगा माझ्यासाठी थांबली होती. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर मऊ फडकं, यंत्राची जाळी पुसत होत्या. भुंगा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. हळू विचारलं तिनं, आत्याआजी, आजी म्हणते तो गळा तुझा आहे. टाचण्या तू धरायचीस म्हणते. खरं सांग, अजून बदलता येतं, सगळीकडे तुझं नाव लावता येतं. तेव्हा वन्संनी माझ्याकडे बघितलं. दवाखान्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, आता. मी दाराची चौकट धरली. वन्संनी घाई केली नाही. फडक्याची घडी केली, ती बाजूला ठेवली, यंत्र हनुवटीखाली टेकवलं.

"टाचण्या सगळ्याच धरायच्या," यंत्र म्हणालं. मग थोडं थांबून, "हिचाच गळा आहे तो."

भुंगानं श्वास सोडला. तिच्या पाठीवरून मला तो सुटलेला दिसला, खांदे खाली आले, मान सैल झाली. तिला हेच उत्तर हवं होतं. दहा वर्षं ज्या फांदीवर बसली होती ती शाबूत होती. ती मला म्हणाली, आजी, तू ना, घाबरवलंस मला. आणि आता लाज वाटेल असं सांगते, लाजेच्याही वरचं सांगते: मलाही सुटल्यासारखं झालं. अंगातून कोमट कोमट काहीतरी खाली गेलं. निमिषभरच. मग मी वन्संच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते सुटलेपण मला स्वतःच्या अंगाला आलेल्या वासासारखं वाटलं. मी म्हटलं, वन्सं, असं करू नका. भुंगानं मला मिठी मारली, पुरे आता म्हणाली, आणि वर जाऊन एक कागद घेऊन आली. ह्या वेळी परदेशातली मंडळी छापणार होती, त्यांना सगळं लेखी लागतं. तिनं वाचून दाखवलं. ध्वनिफितीवरचा आवाज माझा स्वतःचा आहे, तो वापरायला माझी संमती आहे, असं. खाली रेघ. पन्नास वर्षांतली प्रत्येक थाप मी तोंडानं मारली होती, तोंडचं हवेत जातं, उद्या फिरवता येतं, वाढवता येतं. हे कागदावर होतं. इथं सही कर, भुंगा म्हणाली, आणि तिचा फोन वाजला म्हणून बाहेर गेली. छापखानाच होता.

खोलीत आम्ही दोघी. मी वन्संच्या समोर बसले. विचारलं, का? त्यांनी बाजूला ठेवलेल्या फडक्याची घडी पुन्हा सरळ केली. मी म्हटलं, मी सांगते पुन्हा, गच्चीवरून ओरडून सांगते, तुम्ही फक्त मान हलवा. त्यांनी मान हलवली नाही. मी म्हटलं, मला मारा हवं तर. वन्संनी यंत्र टेकवलं.

"कर सही, वहिनी," ते म्हणालं. "आता तूच सांभाळ."

मी आयुष्यभर माणसांच्या आवाजावर जगले. सून फोनवर नुसतं 'हं' म्हणाली तर आज घरात काय बिनसलंय ते मी ओळखते. नवरा 'आलोच' म्हणायचा त्यावरून तो किती उशिरा येणार ते कळायचं. आणि ह्या शेवटच्या तीन शब्दांत मला काही म्हणजे काही सापडेना. माया होती का, की ती पन्नास वर्षं माझ्यासाठी राखून ठेवलेली शिक्षा होती, की कंटाळा होता नुसता, आता ह्या वयात कशाला, असा. एक सरळ घरघरणारी रेघ. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर त्या कागदाकडे बघत होत्या. खिडकीतून वारा येत होता, कागदाचं टोक फडफडत होतं. वन्सं पुढं वाकल्या आणि त्यांनी ते टोक बोटानं दाबून धरलं, कॉलर धरावी तसं, ताणून, सुरकुती न पडू देता. माझी सही म्हणजे एरवी कोंबडीनं माती उकरावी तशी असते, बँकेतले लोक दर वेळी परत पाठवतात. त्या दिवशी मी हळूहळू लिहिलं. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.